अवयव न सापडताच संयुक्त ठरलेली संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे नुसते पाहून सांगता येणार नाही. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा घडणीच्या मूळ संख्यांची यादी दिली, तीत ६७ हा घातांक होता. तो तिथे चुकून आला आहे हे सिद्ध व्हायला २३२ वर्षे जावी लागली.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, मात्र तिचा एकही अवयव त्यांच्या हाती आला नव्हता. अवयव पडतात ती संयुक्त संख्या, असे शाळेत शिकलेल्याला हे चमत्कारिक वाटेल. त्यांच्या पद्धतीला अमेरिकन गणिती लेमर यांनी पुढे जे सोपे रूप दिले, ते पाहिले की उलगडा होतो. ४ पासून सुरुवात करावी, वर्ग करून २ वजा करावेत, उत्तराला तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी आणि हीच क्रिया पुन्हा करावी. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर त्याहून दोनने कमी वेळा ही क्रिया केल्यावर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ ठरते. घातांक ५ घेतला तर संख्या ३१ येते आणि बाक्या १४, ८, ० अशा मिळतात, म्हणून ३१ मूळ. घातांक ११ असेल तर संख्या २०४७. इथे नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात. एवढ्यावरून २०४७ संयुक्त ठरते, पण २३ आणि ८९ हे तिचे अवयव त्या १७३६ मध्ये कुठेही डोकावत नाहीत.

अवयव शोधणे हे निराळेच काम आहे. आपल्या एकवीस अंकी संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक १३४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असावा लागतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरावी लागते. या दोन चाळण्या लावूनही, लहानांपासून क्रमाने भागून पाहिले तर पहिला विभाजक मिळेपर्यंत सुमारे सात लाख उमेदवार समोर येतात. ३, ५, ७ यांच्या पटी गाळल्या तरी हाताने भागाकार करणाऱ्याला ही संख्या पुरेशी भयंकर आहे.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला, ही कथा बऱ्याच काळानंतर लिहिली गेली, त्यामुळे ती जपूनच घ्यावी. गुणाकार मात्र कोणालाही तपासता येतो. नऊचा ताळा पाहायचा तर अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४ येतात, एकच अंक उरेपर्यंत बेरीज करत गेले की दोन्हींचे शेवटी १ होतात. गुणाकाराच्या अंकांची बेरीज १०९, तिचाही १ च. ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबरच असे नव्हे, पण चुकलेला गुणाकार बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. ज्याला शोधायला वर्षे लागावीत ते तपासायला एक कागद पुरतो, आणि इंटरनेटवर माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए या कुलुपाची भिस्त याच तफावतीवर आहे.

ल्युकांसारखी अवस्था आजही एका संख्येबाबत आहे. २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे पक्के ठाऊक आहे. तिचा प्रत्येक मूळ विभाजक २५५४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार हेही ठाऊक आहे. संगणकांनी वर्षानुवर्षे शोध घेऊनही त्यांतला एकही अजून हाती लागलेला नाही.