जुना लॉन ट्रॅक्टर जागचा हलत नाही? बेल्ट आणायला जाण्याआधी हे वाचा

दिवाळी आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंत आम्हा गवत कापायचे लॉन ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांचा फोन थांबत नाही. नागपुरातला वर्धा रोड, काटोल रोड, कोराडी रोड, सगळ्या लग्नाच्या लॉनवाल्यांचं म्हणणं एकच: "भाऊ, इंजिन मस्त चालू आहे, पण गाडी पुढे जाऊनच नाही राहिली." बहुतेक वेळा काम तासाभराचं असतं. त्याचे दोन दिवस होतात ते घाईघाईत इतवारी बाजारातून आणून बसवलेल्या बेल्टमुळे.

क्लच पेडल आणि गिअर असलेल्या जुन्या गाड्यांत मोटारीसारखी क्लचप्लेट नसते. पेडल दाबलं की एक पुली (टेन्शन पुली) सरकते, बेल्ट सैल पडतो आणि इंजिनची पुली त्याच्या आत नुसती फिरते. पेडल सोडलं की स्प्रिंग ती पुली ओढून धरते आणि बेल्ट पकडतो. म्हणजे बेल्ट हाच तुमचा क्लच. पिठाच्या चक्कीचा बेल्ट एकदा ताणला की तसाच चालतो. इथला बेल्ट दिवसभर सैल होतो, घासतो, पुन्हा पकडतो. ते सोसावं म्हणून त्याच्यावर जाड कापडी आवरण असतं आणि आतले दोरही सहसा कमी ताणले जाणारे असतात. दिसायला दोन्ही सारखेच, अर्धा इंच रुंद. किमतीत फरक असतो, तो याचाच.

खरी चूक नंबरात होते. जुन्या बेल्टवर 'फोर-एल ८५०' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बाहेरून मोजलेली लांबी ८५ इंच. बाजारातला 'ए-८५' मात्र आतून ८५ इंच असतो. दोघांत सुमारे २ इंचांचा फरक पडतो. बेल्ट लांब झाला की गाडी ओढत नाही. मग कोणी स्प्रिंग पुढच्या भोकात अडकवतं. मागच्या हंगामात एका गाडीत तर चेसिसला नवं भोक पाडलेलं होतं, आणि त्या ताणाने टेन्शन पुलीचं बेअरिंग फुटलं होतं. जुना बेल्ट दोरीने मोजून आणाल तरी हेच होईल, कारण तो ताणून लांबलेला असतो.

आखूड बेल्ट त्याहून वाईट. तो ओढतो जोरात, पण सोडत नाही. पेडल दाबलेलं असतानाही गाडी सरकते, गिअर करकरतात. गाडीवर बसलेला माळी आणि आजूबाजूची माणसं यांच्या जिवाशी खेळ नको. म्हणून बाहेरून आणलेला साधा बेल्ट आम्ही बसवून देत नाही. काही जणांना राग येतो, पण हा नियम आम्ही मोडत नाही.

बेल्ट बदलण्याआधी एवढं बघा. इंजिन बंद, चावी काढलेली, प्लगची टोपी काढलेली, मगच खाली हात घाला. टेन्शन पुलीचा दांडा हाताने हलवून पाहा. काळी माती आणि गवत वाळून तो जाम झालेला असतो. साफ करून सांध्याला थोडं तेल द्या (बेल्टला तेलाचा थेंबही लागू देऊ नका), बऱ्याचदा गाडी तेवढ्यावर चालू लागते. दुसरं, मागच्या दोन्ही चाकांवर आणि अॅक्सलच्या टोकावर मिळून खडूने एक सरळ रेघ ओढा आणि गाडी गिअरमध्ये टाकून बघा. एखाद्या चाकाची रेघ तुटली, तर चाक अॅक्सलला जखडून ठेवणारी आतली चौकोनी चावी (लोखंडी तुकडा) पडली आहे. एक चाक असं सुटलं की सगळा जोर तिकडेच जातो आणि गाडी उभीच राहते. गिअरबॉक्स गेला म्हणून टेम्पोत घालून आणलेली गाडी आम्ही या बोटभर तुकड्यावर परत पाठवली आहे.

गिअर नसलेली, तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारी (हायड्रोस्टॅटिक) गाडी असेल तर मागची ढकलण्याची दांडी आधी बघा. टेम्पोतून उतरवताना ओढलेली ती तशीच राहते, आणि मग चाकांना जोर मिळत नाही.

गाडी चालते पण ब्लेड फिरत नाही, अशी तक्रार असेल तर आधी बॅटरी तपासून घ्या. ब्लेडला चुंबकाचा (विजेवर पकडणारा) क्लच असलेल्या गाडीत बॅटरी उतरली की तो पकडत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, हे लक्षात असू द्या.

आमच्याकडे येताना सीटखालच्या स्टिकरचा फोटो आणि जुना बेल्ट आणा, तुटलेला असला तरी. बेल्ट काढण्याआधी तो कोणत्या पुलीवरून, बेल्ट जागेवर ठेवणाऱ्या कोणत्या पिनेच्या आतून गेला आहे याचाही मोबाइलवर फोटो घ्या. पिनेच्या बाहेरून गेलेला बेल्ट पहिल्याच वळणाला उतरतो. फोनवर अंदाजाने नंबर आम्ही सांगत नाही, कारण चुकला तर हेलपाटा तुमचाच होतो. जुन्या मॉडेलचे बरेच बेल्ट, पुली आणि स्प्रिंग आम्ही ठेवतो, आणि गाडी हलवता येत नसेल तर लॉनवर येऊन काम करतो. तपासणीचे पैसे दुरुस्तीत वळते होतात. कोजागिरीच्या आधी नाव नोंदवलंत तर सीझनच्या रांगेत थांबावं लागणार नाही.