नंबर प्लेट वाचता आली की झालं?

चालकाचे डोळे तपासण्याची सक्ती आधी झाली ती रेल्वेत. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधल्या लागेरलुंडाजवळ दोन गाड्यांची समोरासमोर धडक होऊन नऊ जण दगावले. कुणाला तरी लाल-हिरव्यातला फरक कळला नसावा, असा संशय उप्सालाचे प्राध्यापक फ्रिथिओफ होल्मग्रेन यांना आला. त्यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांपुढे रंगीत लोकरीच्या लडी ठेवल्या आणि नमुन्याशी जुळणाऱ्या लडी वेचायला सांगितल्या. रंगांचं नाव मात्र विचारलं नाही, कारण रंगांध माणसालाही नावं सवयीने पाठ असतात. २६६ जणांत १३ रंगांध निघाले आणि चाचणी सक्तीची झाली. (त्या अपघाताला रंगांधत्वच कारणीभूत होतं का, यावर पुढे अभ्यासकांनी शंका घेतली आहे.)

मोटारी आल्या तेव्हा मोजमाप तयारच होतं. १८६२ साली हेर्मान स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता काढला होता. ६/१२ म्हणजे निकोप डोळ्याला जे १२ मीटरवरून वाचता येतं, ते तुम्हाला ६ मीटरवरून. तरी ब्रिटनने १९३०च्या दशकात सोपा मार्ग धरला: २५ यार्डांवरची नंबर प्लेट वाचून दाखवा. ना डॉक्टर, ना यंत्र. पण लख्ख उन्हात पास होणारा मळभ आल्यावर अडखळू शकतो, आणि बाजूने येणारा सायकलवाला दिसतो का, हे तर यात कळतच नाही.

ती उणीव १९८३ साली कॅलिफोर्नियात उघडी पडली. जॉन्सन आणि केल्टनर या संशोधकांनी १०,००० चालकांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघत असताना कडेचं किती दिसतं ते, तपासलं. दोन्ही डोळ्यांचं क्षेत्र आक्रसलेल्यांचे अपघात इतरांच्या दुप्पट होते, आणि दोष आढळलेल्यांपैकी निम्म्याजणांना त्याचा पत्ताच नव्हता. काचबिंदू असाच कडेने गुपचूप कुरतडत जातो. समोरचं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. परवाना काढताना एकदाच घेतलेली परीक्षा मला म्हणूनच अपुरी वाटते.

युरोपीय संघाने २००९ मध्ये नियम सुधारून खासगी चालकांसाठी ६/१२ नजरेच्या जोडीला १२० अंशांचं आडवं दृष्टिक्षेत्र मागितलं. फ्लोरिडाने २००४ पासून ऐंशीच्या पुढच्यांना नूतनीकरणावेळी नेत्रचाचणी लावली. एका अभ्यासानुसार त्या वयोगटाचा अपघाती मृत्युदर १७ टक्क्यांनी घटला. दोषी डोळे सापडले म्हणून, की अनेकांनी गाडी चालवणंच सोडलं म्हणून, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. अंधुक प्रकाशातली नजर आणि समोरच्या दिव्यांनी दिपणं यांचा युरोपच्या नियमांत उल्लेख आहे, किमान आकडा मात्र नाही.