इंजिन बदललेल्या डर्ट बाईकची फ्रेम: तडा जोडाशेजारीच का जातो?

डर्ट बाईकमधले मूळ इंजिन काढून तिथे दुसरे, बहुधा अधिक ताकदीचे इंजिन बसवणे हा हौशी कारागिरांचा आवडता उद्योग आहे. होंडाने सीआर५०० या डर्ट बाईकचे ४९१ घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कधीच विकले नाही; पण सीआर२५० ला १९९७ साली मिळालेल्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये ते बसवून घेणारे आजही आहेत. अशी गाडी पहिल्या दिवशी छान धावते. मग काही आठवड्यांनी धुताना इंजिनाच्या खालच्या ब्रॅकेटजवळ रंगावर केसाएवढी बारीक रेघ दिसते. गाडी कुठे आपटलेली नसते, ब्रॅकेट जाड असतो, वेल्डची शिवणही भरीव आणि शाबूत असते. तडा गेलेला असतो तो शिवणीच्या काठाला अगदी लागून, मूळ नळीमध्ये. ही जागा योगायोगाने ठरत नाही, आणि ती का ठरते हे कळले की तडा टाळण्याचे बहुतेक उपाय आपोआप सुचतात.

एका धक्क्यात मोडलेला धातू आणि थकून मोडलेला धातू यांत मोठा फरक असतो. मोडलेला ब्रॅकेट उजेडात तिरका धरून त्याचा तुटलेला पृष्ठभाग पाहावा. एका कोपऱ्यापासून शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत, एकामागून एक पसरत गेलेल्या कमानी दिसतात आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार असतो. गुळगुळीत भाग हा तड्याचा हळूहळू झालेला प्रवास असतो, तर खडबडीत भाग म्हणजे उरलेला धातू ज्या क्षणी एकदम तुटला त्या क्षणाची खूण. कमानींचा उगम शोधत मागे गेले की आपण जवळजवळ नेहमी वेल्डच्या काठाशी, भोकाच्या कडेशी किंवा ग्राइंडरच्या एखाद्या ओरखड्याशी येऊन पोचतो. मला तर वाटते की असा एक तुकडा नीट निरखणे हे दहा सल्ले ऐकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

१८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हा हादऱ्यांमुळे लोखंडाची रचनाच बदलते आणि ते ठिसूळ होते असा समज होता. पुढे जर्मन रेल्वे अभियंता आउगुस्ट वोलर याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एकदा सहज पेलता येणारा भारही लाखो वेळा उलटसुलट पडला तर धातू तुटतो, आणि किती फेऱ्यांनंतर तुटेल हे मुख्यतः प्रत्येक फेऱ्यात ताण किती वर-खाली होतो यावर ठरते. वेल्ड केलेल्या जोडांच्या बाबतीत हे नाते फार कठोर आहे. ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर जोडाचे आयुष्य साधारण आठपटीने घटते.

हे फेरे किती लवकर जमतात हे पाहू. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० हादरे बसतात, आणि एक कोटी हादरे पुरे व्हायला अठ्ठावीस तासही लागत नाहीत. हादऱ्याचा जोरही थोडाथोडका नसतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम धरले आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी, ७९ मिलिमीटर असेल, तर या वेगाला ते वजन वर-खाली फेकताना निर्माण होणारे बल सुमारे ६,२०० न्यूटन, म्हणजे जवळपास ६३० किलोच्या भाराएवढे असते. क्रँकवर उलट बाजूला वजन ठेवून ते कमी करतात, पण बॅलन्सर शाफ्ट (कंपन मारण्यासाठी फिरणारा वेगळा दांडा) नसलेल्या एकसिलिंडरी इंजिनात पूर्ण समतोल साधता येत नाही; सिलिंडरच्या दिशेतले कंपन जेवढे घटवावे, तेवढे आडव्या दिशेतले वाढते. मूळ उत्पादकाने या उलट वजनाचे प्रमाण त्या विशिष्ट फ्रेमला आणि सिलिंडरच्या त्या विशिष्ट कलाला साजेसे ठरवलेले असते. वेगळे इंजिन वेगळ्या कलात बसवले की उरलेले कंपन अशा दिशेने येऊ लागते, जिकडून ते येईल असे फ्रेम आखणाऱ्याच्या मनातही नव्हते.

तरीही माझ्या मते कंपनापेक्षा अधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चेनची ओढ. क्रँकवर ६० न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि पहिल्या गिअरमध्ये तो पाचपट होऊन पुढच्या स्प्रॉकेटवर येतो असे समजा. तेरा दात्यांच्या ५२० मापाच्या चेनच्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम ३३ मिलिमीटर भरते, म्हणजे चेन सुमारे ९,००० न्यूटन एवढ्या जोराने, नऊशे किलोंहून अधिक भाराने, इंजिनाला मागच्या चाकाकडे खेचत असते. बऱ्याच डर्ट बाईकमध्ये स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) मुख्य बोल्ट इंजिनाच्या क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकभोवतीच्या कवचातूनच, आरपार जातो. त्यामुळे या ओढीचा मार्ग अगदी आखूड राहतो: चेनकडून क्रँककेस, तिथून बोल्ट, बोल्टावरून स्विंगआर्म आणि पुन्हा चाक. फ्रेमच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही. नव्या इंजिनाला तसे भोक नसेल, किंवा असूनही ते जुळत नाही म्हणून कारागिराने इंजिन केवळ पुढच्या आणि खालच्या प्लेटांवर टांगले असेल, तर हीच ओढ प्लेटा, ब्रॅकेट आणि नळ्या असा लांबचा वळसा घालून जाते. थ्रॉटल उघडताना ताण चढतो, सोडताना उतरतो आणि प्रत्येक वळणावर हा फेरा होत राहतो. म्हणून रूपांतराची जुळणी करताना इतर सगळ्या मापांआधी स्विंगआर्मचा बोल्ट इंजिनातून नेता येईल का हे पाहावे, आणि ते अशक्यच असेल तर इंजिनाचा मागचा आधार त्या बोल्टाच्या शक्य तितका जवळ द्यावा.

सिलिंडर हेडला फ्रेमच्या वरच्या नळीशी जोडणाऱ्या छोट्या आधाराचीही अशीच उपेक्षा होते. तो दिसायला किरकोळ असल्याने जागा पुरली नाही की गाळला जातो. पण तो इंजिनाचे मागेपुढे डोलणे थांबवतो आणि वरची नळी व खालचा पाळणा (फ्रेमचा इंजिनाला खालून धरणारा भाग) यांना इंजिनामार्फत एकत्र बांधतो. तो गेला की डोलण्याचा सगळा भार खालच्या ब्रॅकेटांवर येतो, आणि पहिली रेघ तिथेच उमटते.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. जाड ब्रॅकेट आणि भरीव वेल्ड असताना नळी का फाटते? ताठपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तड्याचे कारण बहुधा ताठपणातल्या अचानक फरकात दडलेले असते. पातळ नळी भाराखाली किंचित वाकत असते. तिच्यावर जाड पट्टी वेल्ड केली की तेवढा भाग वाकेनासा होतो आणि वाकण्याचे सगळे काम पट्टी जिथे संपते त्या रेषेवर येऊन साचते. शिवाय वेल्डच्या काठाशी आकार एकदम बदलतो आणि तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात. ताणलेल्या प्लेटमधले साधे गोल भोकसुद्धा आपल्या कडेला ताण तिप्पट करते, हे १८९८ सालापासून गणिताने माहीत आहे. धारदार खाच त्याहून कितीतरी अधिक करते. म्हणून ‘अजून एक पट्टी मारू’ हा उपाय अनेकदा तड्याला पट्टीच्या पुढच्या टोकाशी नवी जागा देतो.

हेच कारण महागड्या पोलादाच्या बाबतीतही लागू पडते. ४१३० हे क्रोमोली पोलाद साध्या पोलादापेक्षा खूप मजबूत असते, पण ते अधिक ताठ नसते. दोन्हींचा लवचीकतेचा गुणांक जवळपास सारखा, २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. आणि वेल्डच्या काठाशी थकव्याने तडा जाण्याच्या बाबतीत मूळ पोलादाची मजबुती जवळजवळ काहीच मदत करत नाही, कारण तिथे तडा जणू आधीच सुरू झालेला असतो. त्यामुळे आकार सुधारणे हाच मार्ग उरतो. गसेटची (जोडाला बळकटी देणाऱ्या पट्टीची) टोके निमुळती करावीत, म्हणजे ताठपणा हळूहळू कमी होत जाईल. जिथे नळी सर्वाधिक वाकते आणि ताणली जाते, तिथे तिच्या लांबीला आडवी शिवण घालू नये. लांबीच्या दिशेने घातलेली शिवण पुष्कळ सोसते. जुन्या वेल्डवर नवी शिवण चढवू नये. शिवण संपवताना शेवटचा खळगा भरून घ्यावा, कारण तिथे थंड होतानाच बारीक भेग पडू शकते. क्रोमोलीवर गरम असताना पाणी मारू नये, ते वाऱ्याबाहेर आपोआप थंड होऊ द्यावे. काठ घासून गुळगुळीत केल्याने आयुष्य खरोखर वाढते, पण शेवटचे ओरखडे ताणाच्या दिशेने असावेत, त्याला आडवे नसावेत.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे सगळे लागू आहेच, शिवाय आणखी दोन अडचणी आहेत. पोलादासाठी ताणाची अशी एक पातळी मानता येते की तिच्याखाली गुळगुळीत धातू जवळजवळ कायम टिकतो; ॲल्युमिनियमसाठी तशी पातळी नाही, लहान ताणही जमा होत राहतात. दुसरे असे की ६०६१ सारख्या, उष्णतेच्या प्रक्रियेने मजबूत केलेल्या मिश्रधातूवर वेल्ड मारला की शिवणीशेजारचा पट्टा जवळजवळ निम्मी मजबुती गमावतो, आणि ती परत मिळवायला संपूर्ण फ्रेमवर भट्टीत नव्याने प्रक्रिया करावी लागते. म्हणून शक्य असेल तिथे फ्रेमला हात न लावता, मूळच्याच भोकांत बोल्टने बसणाऱ्या प्लेटा बनवणे श्रेयस्कर. ताठपणा वाढवण्याचा हव्यासही धरू नये; होंडाची ती १९९७ ची पहिली फ्रेम चालकांना इतकी ताठ वाटली, की पुढच्या पिढ्यांमध्ये तिला जाणीवपूर्वक अधिक लवचीक करण्यात आले.

जुळणीत होणारी सर्वांत नकळत चूक बोल्ट आवळताना घडते. इंजिनाचा कान (बोल्टचे भोक असलेला बाहेर आलेला भाग) आणि ब्रॅकेट यांच्यात मिलिमीटरभर फट राहते आणि बोल्ट आवळला की ती मिटते, त्यामुळे काम झाले असे वाटते. पण ६० मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी बुडाशी घट्ट धरून तिचे टोक केवळ १ मिलिमीटर वाकवले, तरी बुडाशी सुमारे २५० मेगापास्कल ताण येतो, आणि साधे पोलाद साधारण तिथेच कायमचे वाकू लागते. म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच वेल्डच्या काठाने आपली सगळी शिल्लक खर्च केलेली असते. पुढचे सर्व हादरे त्यावर चढतात. यासाठी नियम सोपा आहे. ब्रॅकेट फ्रेमला वेल्ड करताना इंजिन जागेवर बोल्टने बसवलेले असावे, आधी टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारावेत, आणि पूर्ण वेल्ड थंड झाल्यावर प्रत्येक बोल्ट काढून पुन्हा बोटांनी आत जातो का ते पाहावे. हातोडीची गरज पडली, तर वेल्डने फ्रेम ओढली आहे. उरलेली फट मोजून तेवढ्याच जाडीचा शिम (पातळ चकती) घालावा. एवढे झाल्यावरच बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळावेत. घट्ट आवळलेल्या जोडात प्लेटांमधले घर्षण भार वाहते, सैल जोडात तोच भार बोल्टच्या आट्यांवर आणि भोकाच्या कडांवर ठोके देत राहतो.

तपासणीसाठी पहिल्या काही तासांच्या वापरानंतर गाडी स्वच्छ धुवावी आणि शिवणींच्या काठांवरून भिंग फिरवावे. पोलादावर रंगाखालून गंजाची बारीक धार झिरपताना दिसते, तर ॲल्युमिनियमवर काळसर रेघ दिसते. शंका आल्यास लाल द्रव लावून, थांबून, पुसून त्यावर पांढरी पूड फवारण्याची चाचणी करावी. तड्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो आणि तड्याचे खरे टोक कळते. त्या टोकापलीकडे भोक पाडून तडा रोखावा, संपूर्ण तडा खोबणीसारखा कोरून काढावा आणि मगच वेल्ड भरावा. वरून नुसती पट्टी ठोकली तर खालचा तडा तसाच राहतो. आणि दुरुस्तीनंतर तडा पुन्हा थोडा बाजूला सरकून आला, तर वेल्डिंग मशीन बाजूला ठेवून इंजिनाचे सगळे बोल्ट सैल करावेत आणि भोके एकमेकांसमोरून किती हलतात ते पाहावे.