फ्लॅश वीक नाहीये, झांकी लांब आहे

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या रोषणाईच्या चित्ररथांचे, फोटो काळे आले की वर्षानुवर्षं तेच ऐकतोय, "फ्लॅश वीक झालाय, दुकानात दाखव". अहो नाही! कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) 12 धरा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 100 अन् एफ 4 (लेन्सचं तोंड किती उघडं, तो आकडा) ला जेमतेम 3 मीटर पोचतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, मग रस्त्यापलीकडे काय पडणार, पुढे उभ्या माणसाचं डोकं तेवढं पांढरंफटक येतं. झांकीला स्वतःचे बल्ब असतातच की, तेव्हा फ्लॅश सरळ बंद, आयएसओ 1600, शटर 1/60 सेकंदाच्या आसपास, कोपरं छातीशी घट्ट, आणि झांकी थांबली की क्लिक. बल्ब फारच पांढरे येत असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) -1 करा.