दृष्टिपटलाखालची चिप आणि ९.८ मिलिसेकंद

वाढत्या वयात मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला की तिथल्या प्रकाशग्राही पेशी मरतात. त्यांच्याकडून संदेश घेणाऱ्या पुढच्या बायपोलर पेशी मात्र बऱ्याच अंशी शाबूत असतात. रिकाम्या झालेल्या जागी चिप सरकवून या पेशींना विजेने चेतवायचं, हे ‘प्रिमा’ रोपणाचं तत्त्व. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल पालांकर यांच्या गटाच्या संशोधनातून ते घडलं.

चिप २ × २ मिलिमीटरची, जाडी ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्यावर १०० मायक्रॉनचे ३७८ षट्कोनी पिक्सेल. बॅटरी नाही, तार नाही. पिक्सेलमधले फोटोडायोड आलेल्या प्रकाशावरच वीज तयार करतात. खोलीतला उजेड त्याला पुरत नाही. म्हणून चष्म्यावरचा कॅमेरा दृश्य टिपतो, सोबतचा छोटा संगणक ते सोपं करतो आणि चष्म्यातला प्रोजेक्टर ८८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात ते डोळ्यात टाकतो. हा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, त्यामुळे कडेची शाबूत नजर बिघडत नाही.

खरं कौशल्य वेळेच्या हिशेबात आहे. प्रकाशाची तीव्रता सुमारे ३ मिलिवॅट प्रति चौरस मिलिमीटरवर ठेवून स्पंदाची, म्हणजे प्रकाशाच्या एका क्षणिक झोताची लांबी ०.७ ते ९.८ मिलिसेकंद अशी बदलतात. स्पंद लांबला की ठिपका उजळ दिसतो. सेकंदाला ३० स्पंद धरले तर दर ३३.३ मिलिसेकंदांनी एक येतो. सर्वांत लांब स्पंदानंतरही साधारण २३.५ मिलिसेकंद अंधार उरतो. तेवढ्या वेळात पिक्सेलमधल्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे पेशींना वीज देणाऱ्या टोकावर साठलेला भार निचरतो. स्पंद याहून फार घाईने सोडले तर निचरा अर्धवट राहतो आणि पुढच्या स्पंदाचा जोर घटतो. फार सावकाश सोडले तर चित्र लुकलुकतं. या अंधारामुळे सरासरी तीव्रताही प्रति चौरस मिलिमीटर १ मिलिवॅटच्या आत राहते आणि डोळा तापत नाही.

स्पंद काही मिलिसेकंदांचा ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. तेवढ्या लांबीला बायपोलर पेशी चांगला प्रतिसाद देतात, चेतातंतू तितका देत नाहीत. दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावर बसणाऱ्या, ६० इलेक्ट्रोडच्या ‘आर्गस २’ या आधीच्या रोपणात जवळून जाणारे चेतातंतूही चेतवले जात आणि ठिपक्याऐवजी लांबट रेघ दिसे.

शेजारच्या पिक्सेलची वीज मिसळू नये म्हणून प्रत्येक इलेक्ट्रोडभोवती परतीच्या इलेक्ट्रोडचं कडं असतं. याच कड्यामुळे पिक्सेल नुसते लहान करून भागत नाही: कडं जितकं जवळ, तितका विजेचा प्रभाव उथळ, आणि तो बायपोलर पेशींपर्यंत पोचतच नाही. १०० मायक्रॉनच्या पिक्सेलला नजरेची मर्यादा साधारण ६/१२६ येते, म्हणजे निरोगी डोळा १२६ मीटरवरून वाचतो ते अक्षर सहा मीटरवरून दिसतं. अक्षर त्याहून बारीक असेल तर कॅमेऱ्याचा झूम वाढवावा लागतो.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली. त्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो, कारण अनेकांना कडेच्या नजरेने पाहायची सवय जडलेली असते. डोळा तसा फार वळला की चिप प्रोजेक्टरच्या झोताबाहेर जाते आणि समोरचं अक्षर नाहीसं होतं.