तुळजापूरचा घाट आणि मागचे दाते

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटरवर, तुळजापूर सुमारे ६४८ मीटरवर आणि मधलं अंतर साधारण ४५ किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ अर्धा टक्काही भरत नाही. नवखा सायकलवाला फसतो तो याच सरासरीला. बालाघाटाची कड तुळजापूरला टेकल्यावरच लागते आणि उरलासुरला हिशोब तिथं वसूल होतो. कोजागिरीला पायी जाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना हे ठाऊक असतं. रविवारी पहाटे निघणाऱ्या रोडबाइकवाल्यांत मात्र वाद चालूच: मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, ११ ते २८ दात्यांची (११-२८) पुरे, की ११-३४ लावायची? मागे दाते जास्त तितका चढ हलका, म्हणून ३४ म्हटलं की कुणीतरी हसतोच. हे हसू बरंच जुनं आहे.

टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. तिचे कर्ते आंरी देग्रांज यांचं मत असं, की बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी. १९१० मध्ये शर्यत पिरेनीजच्या घाटांत शिरली तरी मत बदललं नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असायचं. घाट आला की उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलीवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारं यंत्र, तेव्हाही मिळत होता, पण टूरमध्ये त्याला परवानगी मिळाली १९३७ साली. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलरवरच जिंकले.

आपल्याकडे गिरणीच्या भोंग्यावर धावणाऱ्या काळ्या सायकलीला हा प्रश्न पडलाच नाही. पुढे ४४, मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेरीत ती साधारण ५.४ मीटर जाते. जुनी मिल ते घर एवढ्या सपाटीला हे छान. पण घाटात ताशी १० किलोमीटरनं चढायचं तर मिनिटाला जेमतेम ३१ फेऱ्या पडतात, म्हणजे प्रत्येक फेरीला उभं राहून अंगाचं वजन टाकावं लागतं. त्यापेक्षा उतरून ढकलणं शहाणपणाचं, आणि लोक तेच करत.

रेसिंग सायकलींवर पायडलपाशी दोन दातेरी चकत्या आल्या, पण धाकटी चकतीही ४२ ची. याचं कारण मर्दुमकीत कमी, बोल्टांत जास्त. कंपाग्नोलो या इटालियन कंपनीच्या क्रँकवरचे (पायडलच्या दांड्यावरचे) चकती धरणारे पाच बोल्ट १४४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर बसत, त्यावर ४१ पेक्षा लहान चकती मावतच नाही. पुढे १३० मिमीचं वर्तुळ रुळलं तेव्हा मर्यादा ३८ वर आली आणि बाजारात ३९ स्थिरावली. ११० मिमीचा कॉम्पॅक्ट क्रँक रोडबाइकवर सर्रास दिसू लागला तो २००० नंतरच्या दशकात. तिथून ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्यांची जोडी घरोघरी पोचली. ४२ ला शौर्याचं माप ठरवणारे लोक खरं तर एका बोल्टवर्तुळाची मर्यादा मिरवत होते!

फरक किती, ते पाहा. पुढे ४२, मागे २३ असेल तर एका फेरीला ३.८ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १४ च्या आसपास. ६ टक्क्यांच्या चढावर सायकलसकट ८५ किलोंना तो वेग टिकवायला जवळपास २२० वॅट लागतात. पुढे ३४, मागेही ३४ असेल तर एक फेरी म्हणजे २.१ मीटर. तिथं ८० फेऱ्यांना ताशी १० आणि खर्च साधारण १५५ वॅट. हौशी माणूस १५५ वॅटवर अर्धा तास काढू शकतो, २२० वर बहुतेकांचा दम पाच-दहा मिनिटांत संपतो.

मग ३४ लावायची तर काय बिघडतं? पहिली गोष्ट डिरेलरची. आखूड केजचा (चेन ताणून धरणाऱ्या लोंबत्या सांगाड्याचा) डिरेलर मॉडेलनुसार २८-३० दातांपर्यंतच सांभाळतो, ३२-३४ साठी मध्यम केज हवा. दुसरी चेन. जुनी चेन दोन ते चार कड्या तोकडी पडते. ती पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर गेली की ताणून अडकते आणि डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मोडतो. म्हणून चेन डिरेलरमधून न घालता मोठ्या-मोठ्यावरून फिरवून जुळवायची आणि वर दोन कड्या जास्त ठेवून तोडायची. तिसरी वॉशरची. शिमानोची ११ स्पीडची ११-३४ कॅसेट, एचजी८००, ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या तुंब्यावर) चढवताना मागे १.८५ मिमीचा वॉशर, म्हणजे स्पेसर लागतो. तो विसरला तर कॅसेट आवळणारं लॉकरिंग घट्ट बसूनही कॅसेट खुळखुळते. लॉकरिंग ४० न्यूटनमीटरला कसायचं. शेवटी डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून त्याचं वरचं छोटं चाक (जॉकी व्हील) ३४ च्या दातांपासून ५-६ मिमी दूर आणायचं, नाहीतर घाटात घरघर ऐकू येते.

२८ वाल्यांच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. तुळजापूरला जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर. अशा वेळी मागच्या लगतच्या चक्रांच्या दात्यांत फरक कमी हवा. ११-२८ मध्ये १३ नंतर १४, मग १५ येतात. एचजी८०० मध्ये १३ नंतर थेट १५. त्याच वेगात १५ वरून १३ वर टाकलं की ९० फेऱ्यांच्या ७८ होतात आणि लय तुटते. मोहोळ-पंढरपूरची सपाटीच जास्त मारणाऱ्यानं २८ ठेवावी. दोन्ही रस्ते असतील तर मध्यम केज, ३४ च्या मापानं तोडलेली चेन आणि दोन कॅसेट. आदल्या रात्री पंधरा मिनिटांत बदलता येतात.