‘सेट’चा विक्रम कधीच मोडलाय

‘इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ सेट या शब्दाला, तब्बल ४३०!’ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते साफ खोटं नाही, शिळं आहे.

हा आकडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतला, तोही फक्त क्रियापदाचा. ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती! पुढे कोशाची फेरतपासणी ‘एम’ अक्षरापासून सुरू झाली. २००० मध्ये ‘मेक’नं ‘सेट’ला मागे टाकलं, २००७ मध्ये ‘पुट’नं आणि २०११ मध्ये ‘रन’नं. एकट्या ‘रन’ क्रियापदाचे ६४५ अर्थ.

ते येतात कुठून? माणूस धावतो ते ‘रन’. पण नाक गळतं, धुतल्यावर कापडाचा रंग जातो, कुणी निवडणुकीला उभं राहतं, कुणी हॉटेल चालवतं, वर्तमानपत्र बातमी छापतं, तेही ‘रन’च. यंत्रं आली आणि इंजिन, मोटार, शेवटी संगणकाचा प्रोग्रॅम, सगळं ‘रन’ व्हायला लागलं.

अर्थात एक अर्थ कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हे संपादक ठरवतात. छोट्या कोशांत हेच आकडे कितीतरी कमी दिसतील.